केंद्रसत्ता आणि प्रदेश : औशाच्या इतिहासाचा धडा

लातूरहून तुळजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे वीस किलोमीटर अंतरावर औसा हे तालुक्याचे गाव लागते. गावालगत बहमनी काळातील भुईकोट किल्ला आहे. सखल जागी उभारलेला, दुहेरी तटबंदीचा आणि भोवती रुंद खंदक असलेला हा किल्ला दुरून सहसा नजरेत भरत नाही. जवळ गेल्यावरच त्याचा विस्तार ध्यानात येतो. याच गावात तहसील कार्यालय आहे, पंचायत समिती आहे आणि नगरपरिषदही आहे. किल्ला पाहावयास येणारा प्रवासी या कचेऱ्यांकडे पाहत नाही आणि कचेरीत कामासाठी येणाऱ्या शेतकऱ्याला किल्ल्याशी काही कर्तव्य नसते. वस्तुतः ही सारी ठिकाणे एकाच प्रश्नाची निरनिराळ्या काळांतील उत्तरे होत. तो प्रश्न असा की, राजधानीत बसलेल्या सत्तेने दूरच्या प्रदेशावर आपला अधिकार कसा चालवावा आणि कसा टिकवावा?

हा प्रश्न बिदरच्या सुलतानांना पडला, दिल्लीच्या बादशहांना पडला, हैदराबादच्या निजामाला पडला आणि स्वतंत्र भारताच्या घटनाकारांनाही पडला. राज्यकर्ता स्वतः प्रत्येक परगण्यात जाऊन राहू शकत नाही. त्याला आपला माणूस पाठवावा लागतो. त्या माणसाला फौज, वसुली व न्याय यांचे अधिकार द्यावे लागतात. ते अपुरे दिले तर कारभार चालत नाही आणि मुबलक दिले तर तोच माणूस त्या मुलखाचा धनी होऊन बसतो. अधिकार तर सोपवावयाचा, पण त्याची मालकी होऊ द्यावयाची नाही, हेच सर्व मध्यवर्ती सत्तांपुढील खरे कोडे होय. औसा परिसराच्या गेल्या सहा शतकांच्या इतिहासात या कोड्याची जवळजवळ सर्व उत्तरे सापडतात. शासकीय अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य हे आजच्या व्यवस्थेतील तेच मधले दुवे असल्यामुळे त्यांना हा इतिहास परका वाटू नये.

बहमनी राज्यातील तरफा

बहमनी राज्य १३४७ मध्ये स्थापन झाले. दुसरा सुलतान मुहम्मदशहा पहिला (१३५८ ते १३७५) याने राज्याची दौलताबाद, वऱ्हाड, गुलबर्गा व तेलंगण अशा चार तरफांत विभागणी केली. तरफेचा प्रमुख तो तरफदार. त्याच्या हाती फौज, वसुली व आपल्या तरफेतील किल्ले हे सर्व असे. राज्य लहान होते आणि सुलतान स्वतः मुलखातून फिरत होता, तोवर ही योजना निभावली. पुढे राज्य पूर्व-पश्चिम समुद्रापर्यंत पसरले, तरी तरफा मात्र चारच राहिल्या. एकेका तरफदाराचे बळ त्यामुळे एवढे वाढले की, त्याने मनात आणले तर सुलतानाला त्याच्याविरुद्ध मोहीम काढावी लागे. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला हलली. औसा, उदगीर, कंधार, नळदुर्ग, परांडा हे किल्ले राजधानीच्या पश्चिमेकडील व उत्तरेकडील वाटा राखणारे म्हणून महत्त्वाचे ठरले.

१४६६ मध्ये वजीर झालेल्या महमूद गावान याने या दुखण्याचे अचूक निदान केले. औशाच्या किल्ल्याची बांधणीही परंपरेने त्याच्याच काळाशी जोडली जाते. त्याने केलेले उपाय चार होते आणि ते आजही अभ्यासण्याजोगे आहेत.

पहिला उपाय क्षेत्राचा. चार तरफांच्या त्याने आठ तरफा केल्या. वऱ्हाडाचे गाविलगड व माहूर, दौलताबादचे दौलताबाद व जुन्नर, गुलबर्ग्याचे गुलबर्गा व विजापूर आणि तेलंगणचे राजमहेंद्री व वरंगळ असे दोन दोन भाग पडले. त्यामुळे प्रत्येक तरफदाराचा मुलूख निम्मा झाला.

दुसरा उपाय किल्ल्यांचा. तरफदाराच्या ताब्यात एकच किल्ला राहील आणि उरलेल्या किल्ल्यांचे किल्लेदार थेट राजधानीतून नेमले जातील, असा नियम झाला. या किल्लेदारांचा व त्यांच्या शिबंदीचा पगार मध्यवर्ती खजिन्यातून मिळू लागला. भोवतालचा मुलूख तरफदाराचा, पण त्यातील बहुतेक किल्ले मात्र सुलतानाच्या माणसांकडे, अशी ही रचना होती.

तिसरा उपाय महसुलाचा. प्रत्येक तरफेतील काही जमीन सुलतानाची खालसा म्हणून राखून ठेवण्यात आली. तिची वसुली सुलतानाचे कामगार करीत. यामुळे मध्यवर्ती सत्तेला स्वतःचे उत्पन्न मिळाले आणि तरफेच्या अंतर्भागात आपली माणसेही ठेवता आली.

चौथा उपाय मोजदादीचा. सरदारांना ठराविक घोडदळ बाळगण्यासाठी पैसा किंवा जहागीर मिळत असे. कागदावर पाचशे स्वार आणि प्रत्यक्षात तीनशे, हा प्रकार सर्रास चाले. गावानने सरदारांचे वेतन वाढविले. पण त्याबरोबरच हजेरी लावली आणि जितके स्वार कमी तितकी रक्कम कापून घेण्याची पद्धत सुरू केली.

क्षेत्र आटोपशीर ठेवणे, शस्त्रबळ एका हाती न देणे, खजिन्याचा काही भाग स्वतःकडे राखणे आणि दिलेल्या पैशाचा हिशेब घेणे, अशी ही चार तत्त्वे होत. पुढील काळातील बहुतेक सर्व राज्यांनी, नावे बदलून, ह्याच तत्त्वांचा अवलंब केलेला दिसतो.

उत्तम योजना का कोसळली?

इतकी विचारपूर्वक केलेली योजना पंधरा वर्षांतच मोडली. दरबारात दखनी व परदेशी अमीर असे दोन तट होते आणि ज्यांचे अधिकार कमी झाले ते सरदार गावानवर रुष्ट होते. त्याचा शिक्का सांभाळणाऱ्या नोकराला फितवून कोऱ्या कागदावर तो शिक्का उठविण्यात आला आणि ओरिसाच्या राजाला उद्देशून एक बनावट पत्र त्यावर लिहिण्यात आले. सुलतान मुहम्मदशहा तिसरा याने चौकशी न करता ५ एप्रिल १४८१ रोजी आपल्या वजिराचा शिरच्छेद करविला. पुढच्याच वर्षी सुलतानही मरण पावला. त्यानंतर १४९० च्या सुमारास अहमदनगर, विजापूर व वऱ्हाड येथील सरदार स्वतंत्र झाले. पुढे गोवळकोंड्याची कुतुबशाही उभी राहिली आणि बिदरमध्ये बरीदांनी सत्ता बळकावली.

या घटनेचा बोध केवळ कारस्थानाच्या कथेपुरता नाही. गावानच्या योजनेत तरफदारावर नजर ठेवण्याची सोय होती. पण खुद्द सुलतानाच्या निर्णयावर नजर ठेवणारे कोणीच नव्हते. सुलतानाचा कान ज्याच्याकडे, त्याची सत्ता, अशी स्थिती असल्यामुळे एका बनावट कागदाने सगळी व्यवस्था ढासळली. दुसरी उणीव याहून खोल होती. औशाच्या किल्लेदाराने कोणाचे ऐकावे, हे बिदरला ठरत होते. किल्ल्याबाहेरच्या रयतेला त्यात काहीच स्थान नव्हते. म्हणून सत्ता बदलली तेव्हा रयत कोणाच्याही बाजूने उभी राहिली नाही. औसा एका शाहीकडून दुसऱ्या शाहीकडे गेले आणि १६३६ मध्ये शहाजहानच्या फौजांनी उदगीरपाठोपाठ तेही घेतले.

सुभेदार, दिवाण आणि वतनदार

मोगलांनी हेच कोडे निराळ्या रीतीने सोडविण्याचा प्रयत्न केला. सुभ्यात सुभेदाराकडे फौज व बंदोबस्त, तर दिवाणाकडे वसुली व हिशेब अशी वाटणी होती आणि दिवाण हा सुभेदाराचा ताबेदार नसून थेट बादशाही दिवाणाला जबाबदार असे. महत्त्वाच्या किल्ल्यांचे किल्लेदार बादशहा नेमी. मनसबदारांच्या बदल्या होत आणि त्यांच्या जहागिरीही बदलत. शिवाय सुभ्यातील बातम्या परस्पर दरबारात कळविणारे वाकनवीस असत.

केंद्र दुर्बळ झाले की अशी बंधने कागदावरच राहतात, याचे ठळक उदाहरण दख्खनमध्येच घडले. निजाम-उल्-मुल्क १७२४ मध्ये वजिरी सोडून दक्षिणेत परतला, तेव्हा बादशहाने हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान याला त्याच्याविरुद्ध आतून उठविले. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी वऱ्हाडातील साखरखेर्ड्याच्या लढाईत मुबारिजखान मारला गेला. त्यानंतर बादशहाने निजामालाच दख्खनची सुभेदारी मान्य करून आसफजाह हा किताब दिला. जे थांबविता आले नाही, त्यालाच केंद्राने संमतीची मोहोर लावली. नाव बादशहाचे राहिले, राज्य निजामाचे झाले. दुसरीकडे, १७१९ च्या सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी मराठ्यांना मिळाली होती. त्यामुळे या मुलखातील रयतेच्या पिकावर दोन सत्तांचा हक्क सांगितला जाऊ लागला. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला तो याच उदगीर-औसा भागात.

या सर्व राजवटींत गावपातळीवरचा कारभार मात्र देशमुख, देशपांडे, पाटील व कुलकर्णी या वतनदारांकडेच राहिला. राजधानीतून आलेल्या अंमलदाराला गावाची जमीन, पीक आणि माणसे ठाऊक नसत. ती वतनदाराला ठाऊक असत. वतनदाराशिवाय वसुली नाही आणि वतनदाराला मोकळे सोडले तर राज्य नाही, अशी ही अडचण होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या ‘आज्ञापत्रा’त वतनदारांविषयी सावधगिरीचे स्वतंत्र विवेचन आहे. शिवाजी महाराजांनी या बाबतीत अधिक काटेकोर व्यवस्था केली होती. सभासद बखरीत सांगितल्याप्रमाणे किल्ल्यावर हवालदार, सबनीस व सरनोबत असे वेगवेगळ्या जातींचे समान दर्जाचे अधिकारी असत आणि तिघांनी मिळून कारभार करावयाचा असे. एकट्याने किल्ला शत्रूला देणे त्यामुळे कठीण होते. महमूद गावानने किल्ले तरफदारापासून वेगळे केले होते; महाराजांनी किल्ल्याच्या आतील अधिकारही विभागला.

सार्वभौम सत्तेची सावली

अठराव्या शतकाच्या अखेरीस या प्रदेशावर आणखी एक सत्ता आली आणि तिने आपले राज्य न म्हणताच राज्य केले. १७९८ च्या तैनाती फौजेच्या तहानंतर हैदराबादेत इंग्रजांची फौज कायमची राहिली. निजामाचे परराष्ट्रव्यवहार इंग्रजांच्या हाती गेले आणि रेसिडेंटचा शब्द दरबारात निर्णायक ठरू लागला. फौजेच्या खर्चाचे कर्ज थकले, तेव्हा १८५३ मध्ये वऱ्हाडासह धाराशिव-नळदुर्ग व रायचूर दुआबाचा प्रदेश निजामाला इंग्रजांकडे सोपवावा लागला. १८५७ च्या उठावात निजामाने इंग्रजांना साथ दिली होती. पुढे १८६० च्या तहाने धाराशिव व रायचूर परत मिळाले, वऱ्हाड मात्र मिळाले नाही. शिक्षा आणि बक्षीस या दोन्ही गोष्टी मुलखाच्या रूपानेच देण्यात आल्या. त्या मुलखातील लोकांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे निजामाने वऱ्हाड परत मागताना आपण इंग्रज सरकारच्या बरोबरीचे असल्याचा दावा केला, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी २७ मार्च १९२६ च्या पत्राने, भारतात ब्रिटिश सत्ता सार्वभौम असून कोणाही संस्थानिकाला बरोबरीचा दावा करता येणार नाही, असे बजावले.

हैदराबाद राज्याच्या अंतर्गत कारभारातही केंद्र व प्रदेश यांचे नाते बदलत होते. १८५३ ते १८८३ या काळात दिवाण असलेल्या सर सालारजंग यांच्यापूर्वी वसुलीचे मक्ते देण्याची पद्धत होती. मक्तेदार सरकारला ठराविक रक्कम देई आणि रयतेकडून जमेल तेवढे वसूल करी. सालारजंगांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी करून पगारी तालुकदार व तहसीलदार नेमले. मक्तेदाराच्या जागी पगारी नोकर येणे हा मोठा पालट होता. तथापि या सुधारणा दिवाणी मुलखापुरत्या होत्या. राज्याचा सुमारे चाळीस टक्के प्रदेश सर्फेखास, पायगा व जहागिरी यांच्याकडे होता आणि तेथे सरकारच्या कायद्यापेक्षा जहागीरदाराच्या मर्जीला अधिक वजन होते.

भाषेचा प्रश्नही येथे लक्षात घेतला पाहिजे. सुमारे ८२ हजार चौरस मैलांच्या या राज्यात तेलुगू, मराठी व कन्नड बोलणारे लोक बहुसंख्य होते. कारभाराची भाषा आधी फारसी आणि १८८४ नंतर उर्दू होती. गावच्या दप्तरात मराठी चाले, पण त्यावरील कचेरीत उर्दू. आपल्या जमिनीविषयी कोणता हुकूम झाला आहे, हे साध्या शेतकऱ्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे. केंद्राने प्रदेशाची भाषा न स्वीकारल्यास अर्थ सांगणारा मध्यस्थ बलवान होतो, हा अनुभव मराठवाड्याने कित्येक वर्षे घेतला.

विलीनीकरण : पाच दिवस आणि पुढची वर्षे

१९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला, परंतु हैदराबाद भारतात सामील झाले नाही. २९ नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार झाला, तरी रझाकारांचे अत्याचार वाढत गेले. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने लढा दिला. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गमार्गे व अन्य दिशांनी राज्यात शिरल्या आणि १७ सप्टेंबर रोजी निजामाने शस्त्रे खाली ठेवली.

लष्करी कारवाई पाच दिवसांत संपली. कारभार प्रस्थापित होण्यास मात्र वेळ लागला. जुनी यंत्रणा कोसळली होती आणि नवी अद्याप गावागावांत पोहोचली नव्हती. त्या पोकळीत अनेक ठिकाणी निरपराध मुस्लिम कुटुंबांना प्राण व मालमत्ता गमवावी लागली. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड हे सर्वाधिक हानी झालेले जिल्हे असल्याचे नमूद केले. त्या काळी औसा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. फौज जिंकते तेव्हा सत्ता बदलते. पण गावातील दुर्बळ माणसाला संरक्षण मिळते ते ठाणे, कचेरी व न्यायालय यांचे काम सुरू झाल्यावरच. केंद्रसत्तेच्या अभावाची किंमत सर्वप्रथम कोण मोजतो, हे त्या काही आठवड्यांनी दाखवून दिले.

त्यानंतरचे काम संथ पण पायाभूत होते. १९४९ मध्ये सर्फेखास मुलूख दिवाणीत विलीन झाला आणि त्याच वर्षी जहागिरी नष्ट करण्यात आल्या. १९५० मध्ये कूळ कायदा झाला. १९५२ मध्ये प्रौढ मतदानाने निवडून आलेले सरकार हैदराबादेत अधिकारावर आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. बिदर जिल्ह्यातील अहमदपूर, उदगीर व निलंगा हे तालुके उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. पूर्वीच्या तहांत मुलूख सत्ताधीशांच्या सोयीने फिरत होता. या वेळी तो प्रथमच लोकांच्या भाषेच्या आधारे मांडण्यात आला. ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर जिल्हा वेगळा झाला आणि औसा त्यात आले. क्षेत्र आटोपशीर करण्याची ही कल्पना गावानच्या आठ तरफांची आठवण करून देते. हेतू मात्र उलटा होता. त्या वेळी तरफदाराचे बळ घटवावयाचे होते. या वेळी जिल्ह्याच्या कचेरीपर्यंतची शेतकऱ्याची वाट कमी करावयाची होती.

राज्यघटनेची चौकट

भारतीय राज्यघटनेत केंद्राला प्रबळ स्थान आहे. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला आहे. अखिल भारतीय सेवांतील अधिकारी राज्यांत काम करतात, परंतु त्यांना बडतर्फ करण्याचा अधिकार राज्य सरकारला नाही. महसुलाची मोठी साधने केंद्राकडे आहेत आणि सर्व हिशेबांची तपासणी नियंत्रक व महालेखापरीक्षक करतात. गावानची चारही तत्त्वे येथे ओळखता येतात.

फरक आहे तो असा की, ही घटना केंद्रालाही बांधते. करांतील राज्यांचा वाटा वित्त आयोगाच्या शिफारशींवरून ठरतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी तो ४१ टक्के सुचविला. अनुच्छेद ३५६ अन्वये राष्ट्रपती राजवट लागू करता येते आणि महाराष्ट्रात ती १९८०, २०१४ व २०१९ मध्ये लागू झाली. तथापि ११ मार्च १९९४ रोजी बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, अशी उद्घोषणा न्यायालयीन तपासणीच्या कक्षेत येते आणि मंत्रिमंडळाच्या बहुमताची कसोटी विधानसभेतच लागली पाहिजे. बहमनी सुलतानाच्या चुकीवर दाद मागण्याची जागा नव्हती. येथे ती आहे.

राज्याच्या पातळीवरही हाच विचार लागू होतो, कारण औशाच्या दृष्टीने मुंबई हेही एक केंद्रच आहे. मराठवाडा महाराष्ट्रात आला, त्यापूर्वी २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विकासखर्च, शिक्षण व नोकऱ्या यांत न्याय्य वाटा देण्याचे मान्य झाले होते. घटनेच्या अनुच्छेद ३७१(२) मध्ये विकास मंडळांची तरतूद झाली; १९८४ मध्ये दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेषाची मोजणी केली; १९९४ मध्ये मंडळे स्थापन झाली आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. मोजणी, हिशेब आणि तक्रारीस जागा या तिन्ही गोष्टी असल्या म्हणजे मागे राहिलेला प्रदेशही केंद्राला आपले मानतो. त्या नसल्या म्हणजे दुरावा वाढतो.

किल्लारीची कसोटी

केंद्राचा अधिकार कशासाठी असतो, याचे उत्तर औसा तालुक्याने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे घेतले. गणेशविसर्जनाची रात्र नुकतीच सरली होती. पहाटे चारच्या सुमारास झालेल्या भूकंपाने तालुक्यातील किल्लारी व लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांतील अनेक गावे जमीनदोस्त झाली. जाड दगडमातीच्या भिंतींखाली सुमारे आठ हजार माणसे मृत्यू पावली.

त्या वेळी लष्कर आले, राज्याची सर्व खाती आली, देशभरातून स्वयंसेवी संस्था आल्या आणि जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम आखला गेला. अधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. एकट्या गावाला किंवा तालुक्याला हे कधीच शक्य झाले नसते. दूरच्या सत्तेकडे साधने असणे किती आवश्यक आहे, हे येथे निर्विवाद सिद्ध झाले.

याच कार्यक्रमाने दुसरीही बाजू दाखविली. नव्या गावांची आखणी सरळ रुंद रस्त्यांची व ओळीने घरांची झाली. काही ठिकाणी शेते लांब पडली. वाडा, अंगण, गोठा आणि भावकीची शेजारवस्ती यांची जुनी घडी मोडली आणि लोकांना ती घरे आपली वाटण्यास वेळ लागला. याउलट ज्या गावांत घरांची जागेवरच दुरुस्ती व मजबुतीकरण करावयाचे होते, तेथे पैसा टप्प्याटप्प्याने घरमालकाच्या हाती देण्यात आला, तांत्रिक सल्ला अभियंत्यांनी दिला आणि गावातील महिलांनी संवाद सहायक म्हणून शासन व घरे यांच्यात दुवा जोडला. साधने वरून आली, निर्णय घरात झाला. केंद्राची शक्ती व गावाचे ज्ञान यांची ही सांगड जेथे बसली, तेथे काम टिकले.

पंचायत : खालून हिशेब

महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. २४ एप्रिल १९९३ पासून ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामपंचायतींना घटनात्मक स्थान मिळाले. दर पाच वर्षांनी निवडणूक, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग, राज्य वित्त आयोग आणि महिला व दुर्बल घटकांसाठी राखीव जागा या तिच्या प्रमुख तरतुदी होत. या दुरुस्तीनंतर मधल्या माणसाला दोन्हीकडे हिशेब देणे भाग पडले. तो वरिष्ठांना जबाबदार आहे आणि ग्रामसभेलाही.

तथापि जुने कोडे संपूर्ण सुटले आहे, असे समजण्याचे कारण नाही. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ पासून मोठा निधी थेट ग्रामपंचायतींसाठी दिला. पंधराव्या आयोगाच्या निधीचा बराच हिस्सा पाणी व स्वच्छता यांसाठी बांधील राहिला. बांधील निधीमुळे महत्त्वाची कामे होतात, हे खरे. पण आपल्या गावाला काय हवे, हे ठरविण्याची मोकळीक तेवढी कमी होते. त्याचप्रमाणे मार्च २०२२ नंतर राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदांचा कारभार दीर्घकाळ निवडून आलेल्या सदस्यांविना प्रशासकांकडे राहिला. प्रशासक कितीही कर्तव्यदक्ष असला, तरी त्याचा हिशेब एकाच दिशेने, वर जातो. बिदरने नेमलेल्या किल्लेदाराची स्थिती तत्त्वतः अशीच होती.

यावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. केंद्राने अधिकार टिकविण्यासाठी क्षेत्र, शस्त्र, खजिना व हिशेब यांवर लक्ष ठेवणे अवश्य आहे. ते न ठेवणारी राज्ये मोडली. पण एवढ्यावरच विसंबून राहणारी राज्येही मोडली, कारण त्यांच्या मोडण्याने रयतेचे काही जात नव्हते. अधिकाऱ्याने आपला आदेश लोकांच्या भाषेत व लोकांना कळेल असा काढला, पंचायत सदस्याने ग्रामसभेपुढे जमाखर्च उघडा ठेवला, म्हणजे शासन ही दूरची गोष्ट राहत नाही.

शिक्षकांना या विषयाचा पाठ पुस्तकाविनाही घेता येईल. विद्यार्थ्यांना औशाच्या किल्ल्याच्या दरवाजात उभे करून विचारावे की, हा दरवाजा कोणाच्या हुकमाने उघडत असे? नंतर त्यांना ग्रामपंचायतीच्या फलकासमोर न्यावे, त्यावर लिहिलेली निधीची रक्कम वाचावयास सांगावी आणि विचारावे की, हा पैसा कोठून आला, कोणी खर्च केला आणि याचा जाब कोण विचारू शकतो? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर किल्ल्यापाशी ‘सुलतान’ असे येते. फलकापाशी ते ‘आपण’ असे यावयास हवे.